गिझर लावला की दिवे मंदावायचे: मिरज मार्केटजवळच्या एका दुकानाच्या वायरमन काकांनी दुखणं नेमकं पकडलं

आमचं घर १९८७ सालचं. पहाटे आईने गिझर लावला की स्वयंपाकघरातली ट्यूब थरथरायची, पंख्याचा आवाज बदलायचा. उन्हाळ्यात व्होल्टेज कमीच येतं असं आम्ही धरून चाललो होतो. पण डिसेंबरातही तेच, आणि शेजारच्यांकडे सगळं व्यवस्थित. त्यात भर म्हणजे जिन्याखालच्या बोर्डाजवळ मासळीसारखा वास यायला लागला. आमच्या घरात मासळी शिजत नाही. आईला वाटलं, मांजराने कुठेतरी काही आणून टाकलं असेल. दोन दिवस आम्ही कपाटांच्या मागे शोधत होतो. तापून जळणाऱ्या प्लास्टिकला असा वास येतो, हे मला काकांकडून कळलं.

काकांच्या आधी दुसरा एक वायरमन येऊन गेला होता. टेस्टर लावला, तो पेटला, 'लाईट बरोबर येतीय' म्हणाला आणि अख्ख्या घराला स्टॅबिलायझर घ्यायला सांगून गेला. मी जवळजवळ घेतलाच होता. काकांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "ताई, तो घेऊ नका. तो व्होल्टेज चढवायला लाईनमधनं करंट जास्त ओढणार, मग ढिला जोड अजून तापणार." टेस्टरचंही त्यांनी सांगितलं: त्याला पेटायला करंट नावालाच लागतो, त्यामुळे जोड कितीही ढिला असला तरी तो पेटतोच. दोष बघायचा तर लोड, म्हणजे गिझरसारखं जास्त वीज ओढणारं काहीतरी, चालू ठेवून मीटर लावावा लागतो.

आणि त्यांनी तसंच केलं. गिझर बंद असताना वीज मीटरपाशी २३१ व्होल्ट. गिझर लावल्यावर २२८. म्हणजे बाहेरून येणारी लाईन ठीक. गिझरच्या सॉकेटवर मात्र २११! वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर ८ अँपिअर. मधले १७ व्होल्ट जातात कुठे, ते त्यांनी एकेक जोड तपासून मला दाखवलं. व्होल्टेज मोजायच्या मल्टिमीटरची एक पिन येणाऱ्या न्यूट्रल (करंट परत जाण्याच्या) वायरच्या उघड्या तारेवर, दुसरी जिन्याखालच्या बोर्डातल्या पितळी पट्टीवर: ९ व्होल्ट. नीट जोड असता तर तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं. सॉकेटात ६. उरलेले २ वायरच्या लांबीत जायचेच, त्याला दोष म्हणत नाहीत.

मी तिथेच हिशेब केला. ९ गुणिले ८, म्हणजे ७२ वॉट. तारांना डाख द्यायचं घरातलं लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचं असतं. त्याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता एका स्क्रूपाशी, आईच्या अंघोळीच्या वेळी रोज. अंगावर काटाच आला.

मेन बंद करून त्यांनी तो न्यूट्रल सोडवला तेव्हा स्क्रू बोटानेच फिरला. तारेवरचं काळं आवरण कडक होऊन पापडासारखं तुटलं, आतली तांब्याची तार जांभळट काळी. एवढं तापूनही एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, का पडला नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले, करंट ८ अँपिअरच होता, एमसीबीच्या हिशेबात त्यात जास्त काही नाही. ईएलसीबी हा शॉकपासून वाचवणारा स्विच करंट गळाला तरच पडतो, आणि इथे गळती नव्हतीच. जोड तापतोय हे या दोघांपैकी कुणालाच कळत नाही. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी तार चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापली, टोकावर लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवला, जळलेली पट्टी बदलली, स्क्रू आवळून वायर ओढून बघितली. गिझरला कुणीतरी ६ अँपिअरचा सॉकेट दिला होता, पिनांभोवती तो तपकिरी पडला होता. तिथे १६ अँपिअरचा आला, प्लगटॉपही नवा. मीटरच्या आधीच्या सील केलेल्या भागाला हात लावायला त्यांनी साफ नकार दिला. "ते महावितरणचं काम, तिथं काही वाटलं तर तक्रार द्यायची." हे मला फार आवडलं.

मग गिझर वीस मिनिटं चालू ठेवून परत मोजलं. सॉकेटवर २२६. आईला बोलावून सॉकेटच्या कव्हरवर हात ठेवायला लावला. "गार आहे की गं," म्हणाली.

सामानासकट १,४५० रुपये झाले. तक्रारी दोन. दहाची वेळ देऊन काका साडेबाराला आले, फोनही केला नाही. आई तोवर जेवायची थांबली होती. बिल मागितल्यावरच मिळालं, तेही साध्या चिठ्ठीवर. सॉकेटचं काम करताना पडलेला गिलावा मात्र त्यांनी स्वतः झाडून घेतला.

काकांना फोन करताना 'व्होल्टेज कमी आहे' एवढंच सांगू नका. काय लावलं की दिवे मंद होतात, वास कुठे येतो, कुठली पिन गरम लागते, ते सांगा. काका तसं सामान घेऊन येतात. वास किंवा काळा डाग दिसला असेल तर ते येईपर्यंत मेन बंदच ठेवा.

आमच्या वरच्या मजल्यावर अजून जुनी अॅल्युमिनियमची वायर आहे, एका ठिकाणी तिला तांब्याची तार नुसती पिळून जोडलेली त्यांनी दाखवली; असा जोडही ढिला होऊन तापतो. ते काम पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेच दिलंय, आणि तोवर वरची इस्त्री मी खाली आणून ठेवली आहे.