छाया गोळी : बुधवार धरून काढलेले काही महिने

पाळणा लांबवायचा होता, ऑपरेशन इतक्यात नको होतं आणि बाळ अंगावर पीत होतं. माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत चालत नाही. तांबी दहा वर्षं टिकते, सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात, पण पाळीत माझ्या अंगावरून आधीच जास्त जातं आणि तांबीने सुरुवातीला ते वाढू शकतं. अंतरा इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. मग उरली छाया, आठवड्याची गर्भनिरोधक गोळी.

मेडिकलमध्ये सहेली म्हणून मिळायची तेच हे औषध, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं. आशाताईंनी पाकीट मोफत दिलं. यात हार्मोन नाहीत, त्यामुळे दुधाला धोका नाही, हे ऐकून सासूबाईही निर्धास्त झाल्या.

पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. माझा तो दिवस बुधवार, म्हणून पहिले तीन महिने बुधवार आणि शनिवार, चौथ्यापासून फक्त बुधवार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, भाजीची पिशवी खुंटीवरून काढली की गोळी आठवते. रोजची गोळी मला जमलीच नसती, बाळाच्या रात्रींत वार सुद्धा कळत नाही.

मळमळ नाही, वजन वाढलं नाही. त्रास एकच, पण जिवाला घोर लावणारा : पाळी पुढे जाते. हे आधी कोणी नीट सांगत नाही, आणि सांगायलाच हवं, कारण घाबरून बायका गोळी सोडतात आणि तिथेच फसतात. माझीही लांबली. आशाताईंकडच्या निश्चय किटवर दिवस राहिलेत का ते तपासलं, काही नव्हतं. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासून घ्याच. आता रक्तस्राव कमी झालाय, मला ते बरंच वाटतं.

गोळी चुकली तर आठवताच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन. हे नवऱ्यालाही माहीत असू द्या. आमच्याकडे ह्यांची सातपूरला शिफ्ट असते, तरी बुधवारी फोन येतोच, “घेतली का?”

मैत्रिणीचं ऐकून परस्पर सुरू मात्र करू नका. पीसीओडी (अंडाशयात गाठी होण्याचा त्रास), नुकतीच झालेली कावीळ, लिव्हर किंवा किडनीचा आजार, टीबी असेल तर ही गोळी देत नाहीत. माझ्या जाऊबाईंना कावीळ होऊन गेली होती, डॉक्टरांनी त्यांना सरळ तांबी सुचवली. ती त्यांना छान मानवली आहे.