सी हॅरियर १/४८ : एक पावसाळा काढल्यानंतर

सी हॅरियर या नौदलाच्या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक किटचा खोका (१/४८, म्हणजे खऱ्याचा अठ्ठेचाळिसावा भाग) फेब्रुवारीत हातात पडला आणि जोडून, रंगवून झालेलं विमान डिसेंबरात कपाटात गेलं. मधल्या दहा महिन्यांतले चार नुसते पावसाचे. नवा किट आला की खोका उघडून फोटो टाकणारे पुष्कळ असतात. पण वेंगुर्ल्यात, समुद्राची गाज ऐकू येईल अशा घरात, टेबलावर तो कसा वागला हे कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. डिकलबद्दल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या छापील खुणांबद्दल, तक्रार पाठवली आहे आणि उत्तर यायचंय, तोवर चारचौघांत नाव घेणं मला पटत नाही.

सी हॅरियरच का, तर आम्ही लहानपणी ते आवाजावरून ओळखायचो. नौदलाची पहिली सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरली १६ डिसेंबर १९८३ ला आणि निरोप मिळाला तोही तिथेच, हंसा तळावर, ११ मे २०१६ ला. म्हणजे माझी शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं त्यांच्या हयातीत झालं. त्यामुळे 'एफआरएस ५१' या भारतीय आवृत्तीच्या खुणा असलेला, नव्या साच्यातला किट येतोय म्हटल्यावर किंमत न बघता मागवला. किंमत नंतर कळली. आयात शुल्क आणि कुरियर धरून ७,८०० रुपये. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, तेव्हापासून हा छंद नोकरदाराला झेपेनासा झालाय. कस्टमच्या लेखी हे खेळणंच. घरच्यांच्याही लेखी.

आता चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. आकार अचूक आहे. खरं विमान साडेचौदा मीटर लांब, म्हणजे १/४८ मध्ये ३० सेंटीमीटर. शाळेतली फूटपट्टी शेजारी ठेवली तर नाकापासून शेपटीपर्यंत बरोबर तेवढं भरतं. पंखांचा पसारा १६ सेंटीमीटरचा. वायुदलाच्या साध्या हॅरियरपेक्षा सी हॅरियरचं कॉकपिट उंच बसवलेलं असतं, वैमानिकाला चहूकडे दिसावं म्हणून. ती उंची जुन्या किटांत हमखास चुकायची, इथे बाजूने बघितलं की लगेच पटते. पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, बारीक आणि खोल, आणि फ्लॅश, म्हणजे साच्याबाहेर आलेलं जादा प्लास्टिक, जवळजवळ नाही. वरचा पंख एका तुकड्यात दिलाय, त्यामुळे तो खाली किती झुकवायचा हे तुमच्या हातावर सोडलेलं नाही. खऱ्या विमानातही तो एकसंध असतो. इंजिन बदलायचं तर आख्खा पंख वर उचलून काढावा लागतो. म्हणून तिथे सांधा कमी, पुटीही कमी. जेमतेम दोन संध्याकाळींत अंग तयार झालं.

इनटेकपाशी, म्हणजे इंजिनाला हवा घेणाऱ्या तोंडांपाशी, मात्र कंपनीने आळस केलाय. हॅरियरच्या इनटेकच्या कडेने छोटी दारं असतात. विमान हवेत जागीच थांबलेलं (हॅरियरला ते जमतं) किंवा हळू असताना इंजिनाला जास्त हवा लागते, तेव्हा ती आत उघडतात. इंजिन बंद करून विमान उभं केलं की वरची दारं स्वतःच्या वजनाने आत लोंबतात आणि खालची मिटलेली राहतात. किटमध्ये दोनच पर्याय आहेत, सगळी उघडी किंवा सगळी बंद. चाकांवर उभं विमान करायचं तर दोन्ही चूक. मी दोन्ही पर्यायांच्या कड्या अर्ध्यात कापल्या आणि वरचा भाग एकीचा, खालचा दुसरीचा असा जोडला. चार तासांचं काम, आणि आता कपाटातून बघताना नजर पहिली तिथेच जाते. बरं वाटतं.

चाकांचं प्रकरण वेगळं. या विमानाला मधोमध एकामागे एक चाकं, पुढे एक आणि मागे जोडचाक. पंखांच्या टोकांना दोन बारीक पाय असतात, ते नुसते तोल सांभाळायला. सायकलला लहान पोरांसाठी बाजूची चाकं लावतात ना, तसं. चारही ठिकाणी चाक जमिनीला टेकलं पाहिजे, आणि नेमकं तेच होत नाही. माझ्या किटचा डावा पाय अधांतरी राहिला. जुन्या आरशाची काच सपाट ठेवून तिच्यावर विमान उभं केलं आणि कालनिर्णयच्या पानाची पट्टी कापून चाकाखालून सरकवून बघितली. उजवीकडे अडकायची, डावीकडे सरळ पलीकडे जायची. बाबा चहा घेऊन आले, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "ह्या इमान एका बाजून कलला मां!" चाळीस वर्षं मचव्यावर काढलेला माणूस, कलणं त्यांना कागदाशिवाय दिसतं. शेवटी मागच्या जोडचाकाच्या खांबाची खाच कानसीने घासत गेलो, दर दोन फटक्यांनंतर पट्टी सरकवत. पट्टी दोन्हीकडे सारखी अडकायला लागली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बोगमाळ्याच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॅरियर उघड्यावर उभं आहे, तिथे जाऊन ते पाय जवळून बघितले होते म्हणून उंचीचा अंदाज तरी होता. फोटोवरून जमलं नसतं.

इथवर मे संपला आणि मी चूक केली. जूनमध्ये रंगवायला घेतलं.

आमच्याकडे होड्या मेअखेरीस वर ओढून झापांनी शाकारतात. बंदरावर होड्या रंगवणारे एक काका आहेत, त्यांनी माझा एअरब्रश बघून विचारलं, "पावसात रंग कोण काढता रे? गणपती होऊंदेत, मगे बघ." मी हसून सोडलं. लॅकर रंग आहे, पाच मिनिटांत सुकतो, त्याला पाऊस काय करणार, असा माझा हिशेब. वरची बाजू गडद समुद्री करडी आणि पोट पांढरं, ही सुरुवातीच्या काळातली रंगसंगती मी निवडली होती. पहिला करडा हात मारला आणि डोळ्यांदेखत त्याच्यावर दुधासारखी साय धरली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका होतो. पुस्तकी भाषेत मला हे माहीत होतं, काकांना अनुभवाने. कंप्रेसरच्या पाणी अडवणाऱ्या बाटलीत पंधरा-वीस मिनिटांत बोटभर पाणी साठायचं. रंग सावकाश सुकवणाऱ्या रिटार्डर थिनरचा पातळ हात वरून मारून साय बरीचशी गेली. पण पंखाच्या मुळाशी एक ठिपका राहिला, तो आजही उन्हात दिसतो. हे मात्र किटचं पाप नाही, माझं.

मग जुलै-ऑगस्ट विमान पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात, ६० वॅटच्या पिवळ्या बल्बपासून हातभर लांब. त्या काळातही दोन गोष्टी घडल्या. किटबरोबर आलेल्या पितळी फोटोएच पत्रीचे (बारीक भाग कोरून काढलेला पातळ पत्रा) उरलेले तुकडे डब्याबाहेर राहिले होते, ते हिरवे पडले. देवघरातल्या समईला धरतो तोच कळंक. त्यातलेच कॉकपिटमधले पट्टे प्रायमरखाली, म्हणजे अस्तराच्या रंगाखाली, होते म्हणून वाचले. आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, मी सुपरग्लूने टेकवायला गेलो, तर आतून धुकं धरलं. तो गोंद हवेतल्या ओलाव्यानेच पकडतो आणि त्याची वाफ पांढरी बसते. कॅनोपी काढून, घासून, चकचकीत करून पुन्हा लावली ती फेविकॉलने. इथे राहणाऱ्यांनी काचेच्या भागाला दुसरं काही लावूच नये.

आता डिकल. ज्यांच्यासाठी पैसे मोजले तीच सगळ्यात वाईट. कोकार्डची, म्हणजे गोल तिरंगी खुणेची, छपाई सरकलेली, केशरी कड्याच्या आत एका बाजूला पांढरं जास्त आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच. केशरी म्हणून दिलेला रंग विटकरीकडे झुकणारा. हेही चालवून घेतलं असतं. पण देवनागरीतल्या 'नौसेना'ची एक मात्रा छापायची राहिली आहे, म्हणून ते झालंय 'नोसेना'. शीटवर दोन वेगळ्या विमानांच्या खुणांचे संच आहेत, त्यातलं एक निवडायचं, आणि दोन्हींत तीच चूक. खोक्यावरच्या चित्रात मात्र नीट आहे. ज्याने शीट तपासली त्याला ती अक्षरं म्हणजे वेलबुट्टी वाटली असणार, तिला एक काडी कमी काय, जास्त काय.

उपाय असा केला. शीटवर दुसऱ्या विमानासाठीचं 'नोसेना' होतंच. भिंगाखाली नव्या ब्लेडने त्यातल्या 'नो'वरची एकुलती मात्रा कापून काढली. तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी. कोमट पाण्यात सोडली तर ती वाटीच्या कडेला चिकटली, दहा मिनिटं शोधत होतो. मग ओल्या ब्रशच्या टोकावर उचलून पहिल्या मात्रेशेजारी ठेवली. ती आधी उलटी बसली, पुन्हा तरंगवून फिरवावी लागली. डिकल मऊ करून बसवणाऱ्या सेटिंग सोल्युशनचा एक थेंब, आणि श्वास रोखून बाजूला झालो. आता वाचता येतं, नौसेना. पण त्यामुळे दुसऱ्या विमानाचा पर्याय कायमचा गेला. डिकल मुळात जाडही आहेत, कडा दिसतात. ग्लॉस हात मारल्याशिवाय लावल्यात तर खाली हवा अडकून चांदीसारखं चमकतं. मी ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत लावली म्हणून निभावलं.

क्षेपणास्त्रांतही घोळ आहे. भारतीय सी हॅरियर ब्रिटिशांसारखी साइडवाइंडर वापरत नव्हती, तिच्यावर फ्रेंच मॅजिक लागायची. मॅजिकच्या नाकाजवळ पंखांचे दोन संच एकामागोमाग असतात, त्यावरून ती लांबूनही ओळखू येते. खोक्यावरच्या चित्रात मॅजिक, किटच्या तुकड्यांच्या फ्रेममध्ये साइडवाइंडर. मी काहीच लावलं नाही, नुसत्या इंधनटाक्या लावल्या.

घ्यावा का? घ्या, पण त्यातली डिकल वापरायची नाहीत असं धरून घ्या. वेगळी डिकल मागवायला आणखी हजारभर बाजूला ठेवा. पहिलाच किट असेल तर हा नको, पायांपाशी कंटाळून सोडून द्याल. आणि कोकणात असाल तर गणपतीनंतर उघडा. मुंबईत एसी खोलीत बसणाऱ्यांनी जूनमध्ये रंगवलं तरी चालेल, त्यांचा पाऊस खिडकीबाहेर असतो.

दहा महिन्यांनंतर काय टिकलंय ते सांगायचं राहिलं. सांधे एकही उकललेला नाही. पांढरं पोट पांढरं आहे. चारही चाकं टेकलेली आहेत, परवाच पट्टी सरकवून बघितली. नवीन बिघाड एकच, आणि तो कोणाच्याच खात्यावर टाकता येणार नाही. नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडं, रंगवून मी विमान चार दिवस खिडकीत सुकायला ठेवलं होतं. मागची दोन नॉझल तापणारी, म्हणून त्यांना जळक्या धातूची छटा दिली होती, त्याच्यावर मी खूश होतो. कपाटात ठेवायला म्हणून उचललं तर डावं मागचं नॉझल मातीने बंद. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं, तोंड गुळगुळीत लिंपून. खऱ्या विमानांच्याही नळ्या या माश्या अशाच बुजवतात, म्हणून उभ्या विमानाच्या पिटो नळीला, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीला, टोपी घालून ठेवतात. मी टाचणी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, आत तिचं पिल्लू असेल, राहू दे ना. राहू दिलं. मातीला अजून भोक पडलेलं नाही. तोवर कपाटाचं दार बोटभर उघडं ठेवतोय.