स्प्लेंडरचं मीटर बदलायचंय: नवं घ्यावं की जुन्या बाजारातलं?

आधी केबल बघा, म्हणजे पुढच्या चाकापासून मीटरपर्यंत जाणारी, मीटर फिरवणारी तार. वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही बंद असतील, तर बहुतेक वेळा केबल तुटलेली असते किंवा पुढच्या चाकातली गरारी (केबल फिरवणारं दातेरी चाक) झिजलेली असते. मीटरला हात लावायची गरजच नसते. काटा हलतोय पण आकडे थांबलेत, तर मात्र आतला दातेरी प्लास्टिक गिअर गेला समजा.

नवं मीटर महाग, पण शून्यापासून सुरू होतं. हिशेब सरळ: जुनं ६२,४१० वर थांबलं आणि नवं आज ५,००० दाखवतंय, तर गाडीचं एकूण रनिंग ६७,४१० किलोमीटर. मधे मीटर बंद ठेवून गाडी पळवली असेल तर तेही अंदाजाने धरा.

जुन्या बाजारातलं स्वस्तात मिळतं, दिसतंही गाडीच्या वयाला शोभेल असं. गोची एकच: त्यावर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात. बसवताना १८,३०० असतील, तर दरवेळी मीटरवरच्या आकड्यातून तेवढे वजा करून त्यात आपले ६२,४१० जोडायचे. हे चार वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतंय? शिवाय १८,३०० बघून गिऱ्हाईक खूश होतं, आणि विकणारा गप्प बसतो. ती सरळ फसवणूक. नवं मीटर असेल तर जुन्या गाडीवर इतके कमी आकडे बघून गिऱ्हाईक निदान स्वतःच विचारतं.

माझं मत नव्याला. काहीही बसवा, पण काढण्याआधी जुन्या मीटरचा फोटो घ्या, गॅरेजच्या बिलावर दोन्ही आकडे आणि तारीख लिहून घ्या. गाडी विकताना ते बिल कागदपत्रांसोबतच द्या.