क्रोशाची बॅग आणि तिच्यासोबतचं हिशोबाचं कार्ड

ऑनलाइन घेतली ही बॅग, दोन महिने रोज वापरतेय म्हणून लिहितेय. विण एकदम घट्ट, दोऱ्याची टोकं आत इतकी नीट लपवलीयत की शोधून सापडत नाहीत. एका कोपऱ्यात एक टाका चुकलाय, तो मला उलट आवडतो. पट्टा मात्र वजनाने लांबतो, लॅपटॉप टाकला की बॅग पार गुडघ्यापर्यंत येते, आतून अस्तराची पट्टी लावायला हवी होती.

मेन गोष्ट म्हणजे सोबत आलेलं कार्ड. सूत, मजुरी, पॅकिंग, कुरिअर, दुकानाचा नफा, सगळं वेगवेगळं लिहिलंय. भारी वाटलं, पण मजुरीचा नुसता आकडा आहे, तास किती लागले ते नाहीच, मग ताशी किती पडले ते कसं कळणार? मेसेज करून विचारलं तर दोन दिवसांनी तास सांगितले, बरं वाटलं, पण हे कार्डावरच छापा ना.

आणि महाग आहे म्हणणाऱ्यांसाठी, खरा क्रोशा अजूनही हातानेच होतो, मशीनवर निघतं ते फक्त तसं दिसणारं विणकाम. म्हणजे कुठे अगदी स्वस्तात खरा क्रोशा दिसला तर कुणाचेतरी तास फुकटात गेलेत. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० च्या वर माणसं गेली, तेव्हापासून 'माझे कपडे कोणी शिवले' हा प्रश्न जोरात विचारला जातोय, इथे निदान अर्धं उत्तर तरी मिळालं.

पाचपैकी चार. एक पट्ट्याचा कापला.