टाक्यांना कान लावून ऐकण्याची वाइनरी

आमच्या घरातल्या सहा माणसांपैकी वाइन घेणारे आम्ही दोघेच. सासूबाईंनी मद्याला कधी हात लावलेला नाही, सासऱ्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे आणि मुली अकरा आणि सात वर्षांच्या आहेत. म्हणून सहलीच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या वाइनरीत जाण्यापूर्वी मी फोनवर एकच प्रश्न विचारला : न पिणाऱ्यांनी तिथे काय करायचे? पलीकडून उत्तर आले, "आधी त्यांनाच घेऊन या, पिणारे मागाहून आले तरी चालेल." हे उत्तर त्या जागेने अक्षरशः खरे करून दाखवले, आणि हा अभिप्राय लिहिण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागल्यावर पाटी म्हणून टांगलेले पिंपाचे झाकण दिसते. इमारत म्हणजे धान्याचे जुने कोठार. त्याचे दार निवृत्त पिंपांच्या फळ्यांचे आहे आणि एका भिंतीत रिकाम्या बाटल्या आडव्या बसवल्या असल्यामुळे दुपारचे ऊन आत हिरवे होऊन येते. वाइनरी चालवणाऱ्या दांपत्यापैकी बाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी आपला जुना स्टेथोस्कोप फेकून न देता रस आंबवण्याच्या टाक्यांच्या खोलीत खुंटीला लावला आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाने तो टाकीला लावून काय ऐकू आले ते टाकीशेजारच्या वहीत लिहावे, अशी तिथली रीत आहे.

हा केवळ मुलांना रमवण्याचा खेळ असेल, असे मला आधी वाटले होते. प्रत्यक्षात संपूर्ण वाइनरीतले सर्वांत चांगले शिक्षण तिथेच मिळते. दोन दिवसांपूर्वी भरलेल्या टाकीतून पत्र्यावर पाऊस पडावा तसा दाट, अखंड आवाज येत होता, तर नऊ दिवसांच्या टाकीत मध्येच एखादा बुडबुडा फुटत होता. यीस्टच्या सूक्ष्म पेशी रसातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि साखर संपत आली की आवाजही विरळ होतो. आंबण्याची ही क्रिया जिवंत पेशींमुळे घडते, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. धाकटीला मात्र ते स्टेथोस्कोपमधून एका मिनिटात पटले.

याच ठिकाणी त्यांच्या काळजीपूर्वक वागण्याचाही उल्लेख केला पाहिजे. आंबताना एका लिटर रसातून चाळीस लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, हा गुदमरवणारा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि मुलांची नाके मोठ्यांपेक्षा जमिनीला अधिक जवळ असतात. बाईंनी आधी पंखे चालू केले, वायुमापक यंत्र गुडघ्याच्या उंचीवर धरून आकडा पाहिला आणि मगच मुलींना आत येऊ दिले. यासाठी आम्हाला पंधरा मिनिटे दाराबाहेर थांबावे लागले, याची मला जराही तक्रार नाही.

द्राक्षबागेत सासऱ्यांचा ताबा होता. त्यांनी रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मण्याच्या रसाचा एक थेंब टाकून २३ ब्रिक्स, म्हणजे वजनाने सुमारे २३ टक्के साखर, हा आकडा स्वतः वाचला. त्या गोडीतून साधारण तेरा टक्के अल्कोहोलची वाइन होते, हा हिशेब मालकांनी त्यांच्याकडूनच करवून घेतला. मग एक वाळलेली वेल उभी चिरून कलमाचा सांधा दाखवला. मुळांवर जगणारा फिलॉक्सेरा नावाचा बारीक कीटक उत्तर अमेरिकेतून युरोपात पोहोचला आणि १८६० च्या दशकापासून त्याने फ्रान्समधल्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर उपाय सापडला तो या कीटकाला तोंड देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या मुळांच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करण्याचा, आणि आजही जगातल्या बहुतेक द्राक्षबागा अशाच परक्या मुळांवर उभ्या आहेत. ओळींच्या टोकांना लावलेल्या गुलाबांविषयी मी विचारले, तेव्हा भुरी या बुरशीजन्य रोगाची चाहूल गुलाबावर आधी लागते हा जुना समज सांगून मालक म्हणाले, "आता आम्ही थेट द्राक्षाचीच पाने तपासतो, पण गुलाब काढावेसे वाटले नाहीत."

चव घेण्याच्या टेबलावर न पिणाऱ्यांना सरबत देऊन बाजूला बसवले जाईल, ही माझी धास्ती चुकीची ठरली. त्यांच्यासाठी वेगळी मांडणी होती : प्रत्येक वाइनसमोर त्याच वाणाचा ताजा रस, वेगळी काढलेली साल आणि बिया. काळ्या द्राक्षाचा मणी पिळल्यावर रस जवळजवळ रंगहीन निघतो आणि लाल रंग सालीतून येतो, हे मुलींनी स्वतः पिळून पाहिले. बी चावल्यावर तोंड आखडते ते ज्या तुरट द्रव्यामुळे, तेच टॅनिन. सासूबाईंनी तर तीन रिकामी पिंपे नुसती हुंगून सर्वांत नवे कोणते ते अचूक सांगितले, कारण आतून भाजलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपाला व्हॅनिलाचा वास असतो आणि दरवर्षीच्या वापराने तो कमी होत जातो.

आता वाइनविषयी. पांढरी वाइन स्वच्छ आणि आंबटसर असून तिला मी निःसंकोच चांगली म्हणेन. लाल वाइनमध्ये नव्या लाकडाने फळाला झाकून टाकले आहे. अजून दोन वर्षांनी ती कदाचित सावरेल, पण आज ती विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही. खरी वेगळी आहे ती रांजणातली वाइन. जॉर्जिया या देशात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन करतात. त्यांना क्वेव्री म्हणतात आणि २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याच धर्तीवर येथे दोन रांजण पुरले आहेत. पांढरी द्राक्षे सालीसकट कित्येक महिने त्यात राहिल्याने वाइनला मधासारखा रंग आणि किंचित तुरटपणा येतो. सर्वांना ती रुचणार नाही. आम्ही दोन बाटल्या घेतल्या. गाडी मला चालवायची होती, म्हणून मी प्रत्येक घोट थुंकून टाकला. माझ्या वाट्याची वाइन त्यांनी न विचारता छोट्या बाटल्यांत बूच लावून घरी न्यायला दिली. हा विचार मी इतर कोणत्याही वाइनरीत पाहिलेला नाही.

एक उणीव गंभीर आहे. रांजणांच्या तळघराच्या पायऱ्या उंच आहेत, त्यांना कठडा नाही आणि उजेडही अपुरा आहे, त्यामुळे सासरे वरच बसून राहिले. वृद्धांचे इतक्या मनापासून स्वागत करणाऱ्या जागेने ही दुरुस्ती तातडीने करावी, असे मी निघताना त्यांना सांगितले. शिवाय पूर्ण फेरीला तीन तास लागतात आणि बागेत बसायला सावली नाही.

जायचे असल्यास तोडणीच्या आठवड्यांतच जावे, कारण एरवी टाक्या मुक्या असतात. फोन केल्यावर कोणती टाकी कितव्या दिवसाला आहे ते बाई सांगतात, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाची टाकी मिळत असेल तर तीच वेळ घ्यावी.