टोयोटा हायलक्स: ओढण्याची ताकद आणि थांबण्याची कुवत

पिकअप गाडी किती वजन ओढते हे माहितीपत्रकात ठळक छापलेले असते. तेच वजन घेऊन ती किती खात्रीने थांबते, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. 2020 साली सुधारित रूपात आलेल्या टोयोटा हायलक्सचे 2.8 लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, चार दारांचे फोर-बाय-फोर मॉडेल मी येथे मुख्यतः ब्रेकच्या बाजूने तपासले आहे, कारण इंजिन कमी पडले तर गाडी चढावर रेंगाळते एवढेच, पण ब्रेक कमी पडले तर आपल्याबरोबर समोरच्याचाही जीव धोक्यात येतो.

इंजिनाबद्दल तक्रारीला जागा नाही. 204 अश्वशक्ती आणि 500 न्यूटन-मीटर टॉर्क असल्यामुळे भरलेला ट्रेलर जोडूनही गाडी उभ्या चढावर कुरकुर न करता सुटते.

खरी अडचण आकड्यांच्या बेरजेत आहे. ब्रेक असलेला 3500 किलोंचा ट्रेलर ओढण्याची परवानगी या गाडीला आहे, पण ऑस्ट्रेलियातील माहितीपत्रकानुसार गाडी आणि ट्रेलर यांचे मिळून वजन 5850 किलोंच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे पूर्ण 3500 किलो मागे असताना गाडीच्या वाट्याला 2350 किलो उरतात. गाडीचे स्वतःचे वजनच 2100 किलोंच्या आसपास असल्याने माणसे, सामान, टोबार (ट्रेलर जोडण्याचा मागचा दांडा) आणि मागच्या हौद्यावरचे झाकण या सगळ्यांसाठी जेमतेम अडीचशे किलो शिल्लक राहतात. 75 किलोंची तीन माणसे बसली की त्यांतले 225 तिथेच संपतात. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग टो-बॉलवर (टोबारवरच्या, ट्रेलर अडकवण्याच्या गोळ्यावर), म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर येतो. पुढची चाके त्या प्रमाणात हलकी होतात आणि ब्रेक दाबताना नेमकी त्यांच्यावरच सर्वाधिक भिस्त असते. म्हणून अंदाजावर न जाता प्रवासाच्या पूर्ण तयारीनिशी गाडी आणि ट्रेलर दोन्ही वजनकाट्यावर घालून पाहावेत, असा माझा आग्रह आहे.

माझ्या मते माहितीपत्रकातला सर्वांत प्रामाणिक आकडा 3500 नसून 750 आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ही गाडी फक्त 750 किलो ओढू शकते. त्यापुढचे वजन थांबवण्याचे काम ट्रेलरच्या ब्रेकनीच करायचे असते, आणि ते ब्रेक झिजलेले किंवा नीट न जुळवलेले असतील तर 3500 या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. वेगाचा हिशेबही इथे विसरून चालत नाही: ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरने जाताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते.

गाडीचे ब्रेक पुढे डिस्क आणि बहुतेक मॉडेलांत मागे ड्रम असे आहेत. एकट्या गाडीला ते पुरेसे आहेत. पण लांब उतारावर सतत पाय ठेवला तर ड्रम तापून प्रसरण पावतो, पॅडल अधिक खोल जाऊ लागते आणि जळका वास येतो. एवढी वेळ येण्याआधीच, उतार सुरू होतानाच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या रोधाचा उपयोग करावा आणि ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून सोडावा.

जड ट्रेलरला बहुधा विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांच्यासाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवावा लागतो. या खर्चात काटकसर करू नये. स्वस्त कंट्रोलर ठरावीक वेळेनुसार जोर वाढवत नेतो, तर चांगला कंट्रोलर गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे हे ओळखून त्याच प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतो. तो जुळवण्यासाठी मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या सुमाराला ब्रेक लावून पाहावा आणि ट्रेलरची चाके घसटू लागण्याच्या किंचित आत जोर ठेवावा. भार बदलला की ही जुळवणी पुन्हा करावी. ट्रेलर डोलू लागला तर कंट्रोलरवरील हाताचे बटण वापरून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावता येतात, त्यामुळे मागून ताण येऊन तो सरळ रेषेत येतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबणे घातक ठरते. गाडीत डोलणे आवरणारी यंत्रणा आहे, पण ती चुकीच्या भारवाटपावरचा उपाय नव्हे.

ब्रेक चांगल्या स्थितीत असलेला अडीच टनांपर्यंतचा ट्रेलर असेल, तर ही गाडी मी निःशंकपणे सुचवीन. नेहमीच तीन टनांहून अधिक ओढायचे असेल, तर मूळ वजन आणि एकूण वजनमर्यादा दोन्ही जास्त असलेली मोठी गाडी घ्यावी. दोन्ही बाबतींत ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची तार आणि बॅटरी निघण्यापूर्वी दर वेळी तपासावी, आणि ती तार ट्रेलरच्या सुरक्षा-साखळीच्या कडीला न अडकवता थेट गाडीला बांधावी.