‘आधीच गॅस भरलेल्या’ पाइपांसाठी गेलेले ६,०९२ डॉलर

अमेरिकेत स्वतःच्या हाताने मल्टी-झोन डक्टलेस हीट पंप (हवा नेणाऱ्या डक्टशिवाय, बाहेरच्या एकाच युनिटवर अनेक खोल्या गरम-थंड करणारी यंत्रणा) बसवण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका विक्रेत्याने माझ्याकडून ६,०९२ डॉलर घेतले आणि त्याच्या मालावर विश्वास ठेवून मी वर आणखी १,५४० डॉलर खर्च केले. आज माझ्याकडे एक निकामी आउटडोअर युनिट आणि घराच्या भिंतींना पाडलेली तीन-तीन इंचांची चार भोके एवढेच उरले आहे. हे सगळे चारचौघांत सांगताना लाज वाटते, पण रागापुढे ती लाज टिकत नाही, कारण हा माणूस मराठी बोलतो आणि मराठी माणसेच हेरतो.

आमचे घर ईशान्येकडील एका राज्यात आहे. तेलाचा बॉयलर आणि भिंतीलगत गरम पाण्याचे बेसबोर्ड अशी जुनी रचना असल्याने घरात डक्ट कुठेच नाहीत. चार खोल्यांसाठी एक आउटडोअर आणि चार इनडोअर युनिट बसवायला एका ठेकेदाराने १९,८०० आणि दुसऱ्याने २२,४०० डॉलर सांगितले. एवढे पैसे आमच्याकडे नव्हते. मी यांत्रिकी अभियंता आहे. काँक्रीटचा ओटा घालणे, भिंतीला बाहेरच्या बाजूस उतार देऊन भोक पाडणे, निचऱ्याची नळी काढणे, युनिट टांगायचे ब्रॅकेट समपातळीत लावणे ही कामे मला येतात आणि मी ती नीट केली. त्यामुळे ‘स्वतः बसवायला गेलात म्हणून फसलात’ हे जे मला आता सगळीकडून ऐकावे लागते, ते मला मान्य नाही. आधीच गॅस भरलेल्या पाइपांची, नुसत्या आवळून बसणाऱ्या क्विक-कनेक्ट जोडांची यंत्रणा बाजारात खरोखर मिळते आणि घरमालक ती बसवतातही. या माणसाने त्याच खऱ्या वस्तूचे नाव वापरले.

त्याचा दर असा होता. आउटडोअर आणि चार इनडोअर युनिट मिळून ४,८६० डॉलर, गॅस भरलेल्या पाइपांचे चार संच ६४० डॉलर, वाहतूक २८५ डॉलर, आणि वॉरंटी टिकावी म्हणून परवानाधारक तंत्रज्ञाकडून ‘कमिशनिंग’, म्हणजे यंत्रणा तपासून सुरू करून देणे, ५५० डॉलर. बँकेतून थेट पैसे पाठवल्यास युनिटांच्या किमतीवर पाच टक्के सूट, म्हणजे २४३ डॉलर कमी. “कार्ड कंपनी तीन टक्के कापते, ताई; ते तुम्हालाच देतो आणि वर दोन टक्के माझ्याकडून,” असे त्याने समजावले. हे गणित कोणालाही पटले असते. पण त्या २४३ डॉलरच्या सुटीनेच पुढे कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत मागण्याचा माझा एकमेव रस्ता बंद केला. कार्डाऐवजी थेट हस्तांतर करा म्हणून कोणी पैसे कमी करत असेल, तर तिथेच व्यवहार मोडा.

घाई करायलाही त्याच्याकडे खरे कारण होते. हीट पंपावर मिळणारी केंद्रीय कर सवलत, खर्चाच्या ३० टक्के आणि कमाल २,००० डॉलर, जुलै २०२५ मधील कायद्यानुसार ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होती. डिसेंबरअखेर यंत्रणा बसलीच पाहिजे, असे तो प्रत्येक फोनवर सांगत असे, आणि ते खोटे नव्हते. माझ्या ६,०९२ डॉलरवर सुमारे १,८२७ डॉलर परत मिळतील, हा माझा हिशेबही चुकीचा नव्हता. ही सवलत फक्त नव्या यंत्राला मिळते. मला मिळालेले यंत्र नवे नव्हते, म्हणून तीही गेली.

मी प्रश्न विचारले नाहीत, असे कोणी समजू नये. एएचआरआय या अमेरिकेतील उत्पादकांच्या प्रमाणन संस्थेच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मी पैसे देण्यापूर्वीच मागितला होता. आउटडोअर आणि इनडोअर युनिटांची जोडी एकत्र तपासलेली आहे, हे त्या क्रमांकावरून कळते. “तो क्रमांक डक्टवाल्या यंत्रणांना असतो, डक्टलेसला नसतो,” असे त्याने इतक्या शांतपणे सांगितले, की मला आपलीच माहिती अपुरी वाटली. हे धादांत खोटे आहे. डक्टलेस मल्टी-झोन यंत्रणांनाही तो क्रमांक असतो आणि कोणालाही तो एएचआरआयच्या सूचीत शोधता येतो. क्रमांक न देणाऱ्याशी पुढे एक शब्दही बोलू नका.

आता त्या क्षणाबद्दल लिहिते, कारण तो मला आजही झोपू देत नाही. खोकी आली, मी पाइपांचे पहिले वेटोळे उघडले, आणि तांब्याच्या टोकांना प्लास्टिकची टोपणे दिसली. साधी, बोटाने निघणारी टोपणे आणि त्यामागे सैल फिरणारे फ्लेअर नट, म्हणजे पाइपाचे रुंदावलेले टोक आवळून धरणारे साधे नट. ज्या पाइपात दाबाखाली गॅस भरलेला आहे, त्याच्या टोकाला झडप असलेला पितळी जोड असावा लागतो. दाब प्लास्टिकच्या टोपणामागे राहूच शकत नाही, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मी टोपण काढले तेव्हा फुस्स असा आवाजही झाला नाही. तो मोकळा, कोरडा पाइप हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. हे साधे कॉपर आहे, हे माझ्या हातांना कळले होते. मी लगेच फोटो काढून त्याला पाठवला. काही मिनिटांत उत्तर आले: “ताई, हे नवीन मॉडेल आहे, झडप युनिटच्या आत असते, पाइप जोडल्यावर गॅस आपोआप सुटतो. तंत्रज्ञ येणारच आहे, तो दाखवेल.” तोपर्यंत ५,५४२ डॉलर गेले होते, भिंतींना भोके पडली होती, वीजतंत्रज्ञाने २४० व्होल्टची वेगळी वायर ओढून ब्रेकर बसवला होता आणि डिसेंबर दारात उभा होता. अशा वेळी मन शंकेच्या बाजूने उभे राहत नाही, झालेल्या खर्चाच्या बाजूने उभे राहते. मी उरलेले ५५० डॉलरही त्याच संध्याकाळी पाठवले. सगळी रक्कम मी एकवेळ विसरेन, हे ५५० विसरणार नाही.

जो तंत्रज्ञ आला त्याच्याकडे व्हॅक्यूम पंप नव्हता, पाइप किती निर्वात झाला ते मोजणारा मायक्रॉन गेज नव्हता, नायट्रोजनची टाकी नव्हती. क्विक-कनेक्टच्या यंत्रणेत पाइप निर्वात करावे लागत नाहीत, हे मी वाचले होते, म्हणून मी गप्प राहिले. पण माझ्या घरातील यंत्रणा साधी फ्लेअरची होती. चार खोल्या म्हणजे पाइपांच्या चार जोड्या, दोन्ही टोकांना मिळून सोळा फ्लेअर सांधे. प्रत्येक सांधा टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळावा लागतो, सगळे पाइप नायट्रोजनच्या दाबाखाली तपासावे लागतात, आणि मग ५०० मायक्रॉनपर्यंत किंवा त्याखाली निर्वात करून ती पातळी टिकते का, ते पाहावे लागते. त्याने यांतील काहीही केले नाही. आउटडोअर युनिटची झडप किंचित उघडून त्याच गॅसने पाइपांतील हवा बाहेर ढकलली, उरलेला गॅस पाइपांत सोडला आणि निघून गेला. असा गॅस जाणूनबुजून हवेत सोडणे क्लीन एअर ॲक्ट या हवाप्रदूषणाविरुद्धच्या केंद्रीय कायद्याच्या कलम ६०८ खाली बेकायदा आहे. यंत्रणेला गेज लावण्यासाठी आणि गॅस भरण्या-काढण्यासाठीही याच कलमाखालील प्रमाणपत्र लागते. तंत्रज्ञ दारात आला की ते कार्ड पाहा आणि त्यावरचे नाव त्याच्या ओळखपत्राशी ताडून पाहा.

यंत्रणा एक संध्याकाळ चालली. दोन खोल्या कोमट झाल्या, दोन झाल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी चारही युनिटांवर बिघाडाचा संकेत लुकलुकत होता आणि विक्रेत्याचा फोन बंद होता. मग मी २२५ डॉलर देऊन एक खरा तंत्रज्ञ बोलावला. त्याने आउटडोअर युनिटवरच्या माहितीपट्टीचा कोपरा नखाने उचलला, तर खाली दुसरी पट्टी निघाली. वर गॅसचे नाव लिहिले होते आर-४५४बी, म्हणजे नवा गॅस. खाली, कारखान्यात ठोकलेल्या मूळ पट्टीवर, आर-४१०ए हा जुना गॅस आणि उत्पादनाचे वर्ष २०२२. चारपैकी दोन इनडोअर युनिट वेगळ्या मालिकेची होती, त्यांचा आउटडोअरशी संवादच होत नव्हता. निर्मात्याच्या मदत क्रमांकावर अनुक्रमांक सांगितला, तेव्हा कळले की हे यंत्र २०२३ मध्ये दुसऱ्याच पत्त्यावर नोंदवले गेले होते आणि त्याच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी आधीच वापरली गेली होती.

ही केवळ जुना माल नवा म्हणून विकण्याची गोष्ट नाही. जागतिक तापमानवाढीचा निर्देशांक ७०० च्या वर असलेल्या गॅसवर चालणारी नवी घरगुती यंत्रे बनवणे आणि आयात करणे अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले. आर-४१०ए चा निर्देशांक २,०८८ आहे, त्यामुळे जुन्या मालावर नव्या गॅसच्या पट्ट्या चिकटवण्याची हाव सुटणे स्वाभाविकच आहे. पण आर-४५४बी सौम्य ज्वलनशील आहे आणि हे दोन गॅस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उद्या वरची पट्टी वाचून कोणी भलताच गॅस भरला असता, तर काय झाले असते? हा प्रश्न मी प्रत्येक कार्यालयात विचारला आणि एकाही कार्यालयाने तो लिहून घेतला नाही.

बँकेने सांगितले की, हस्तांतर तुम्ही स्वतः मंजूर केले होते, म्हणून ते अनधिकृत ठरत नाही आणि पैसे परत मिळणार नाहीत. पोलीस ठाण्यात सांगितले की, हा दिवाणी वाद आहे. माझ्याकडे चिकटवलेल्या पट्टीचे, तिच्याखालच्या पट्टीचे आणि अनुक्रमांकाचे फोटो होते. त्या अधिकाऱ्याने ते पाहायलाही घेतले नाहीत. राज्याच्या ग्राहक कार्यालयाने सगळी कागदपत्रे मागवली, पुन्हा मागवली, आणि शेवटी विक्रेता या राज्यात नोंदणीकृत नसल्याचे एका परिच्छेदाचे पत्र पाठवले. तो नोंदणीकृत नाही, हीच तर माझी तक्रार होती! केंद्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, तर वैयक्तिक प्रकरणे आम्ही सोडवत नाही, असे छापील उत्तर आले. गॅस हवेत सोडल्याची माहिती वेगळ्या खात्याला दिली, तिची पोचसुद्धा मिळाली नाही. लहान रकमेच्या दाव्यासाठी न्यायालयात गेले, तर समन्स बजावायला प्रतिवादीचा खरा पत्ता हवा, आणि त्याच्या पावतीवरचा पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. प्रत्येक जण नम्रपणे पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि पुढच्या खिडकीतला मागच्या खिडकीकडे. मी कर वेळेवर भरते, १६५ डॉलर देऊन बांधकाम परवाना रीतसर काढते. या संपूर्ण प्रकरणात कायद्याचा बडगा एकदाच उचलला गेला, तो माझ्यावर: नगरपालिकेच्या निरीक्षकाने माझीच जोडणी नापास केली आणि यंत्रणा काढून टाकायला सांगितले.

सर्वांत जिव्हारी लागले ते आपल्याच माणसांचे वागणे. ज्या मराठी समूहात या माणसाची शिफारस मी वाचली होती, तिथे मी फोटोंसह इशारा लिहिला. ‘वैयक्तिक वाद नको’ म्हणून तो काढून टाकण्यात आला. शिफारस मात्र अजून तिथेच आहे. ती करणाऱ्या गृहस्थांच्या घरी ही यंत्रणा बसलेलीच नाही, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून समजले.

आता तो वेगळ्या नावाने पुन्हा जाहिरात करतो आहे. फोटो तेच आहेत, माझ्याच ओट्यावर ठेवलेल्या युनिटचाही एक आहे. किंमत ४,७९० डॉलर लिहिली आहे आणि सरकार ३० टक्के परत देते, हे वाक्यही तसेच आहे, जरी ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रणेला ती सवलत उरलेली नाही. पैसे देण्याआधी माहितीपट्टीचा आणि अनुक्रमांकाचा फोटो मागवा आणि तो क्रमांक निर्मात्याला स्वतः फोन करून विचारा. ज्यांनी त्याला कार्डाने पैसे दिले असतील, त्यांनी तो हप्ता ज्या बिलात आला त्या बिलापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी तक्रार पाठवावी, फोनवर भागवू नये. माल आला असेल तर एकही झडप उघडू नका आणि खोकी फेकू नका. पट्टीचा कोपरा नखाने उचलून पाहा.